दुसरा डोळा

माझ्या झोळीत बारा मेलेली माणसं असतात.
सात बाप्ये, चार बाया, एक रांगतं पोर.
रात्री कंदिलाशी बसून काढून ठेवतो,
काजळी, गेरू, घेवड्याच्या पाल्याचा रस
बेलाच्या डिंकात कालवून.
सगळं काढतो. हातातली काठी, कानातली बाळी,
पायाशी कोंबडी.
बुबुळ तेवढं राखून ठेवतो.

रडणं ऐकू आलं की त्या गावाला वळायचं,
हा धंदा बापाचा, त्याच्या बापाचा.
दारात उभं राहून म्हणायचं,
तुमचं माणूस भेटलं मला
हानापुरीच्या वाटेवर, चाचपडत होतं.
आंधळंय हो. ठेचा लागतात.
काशाची वाटी द्या, शेरभर तांदूळ द्या,
मी त्याला डोळा देतो.

लोक ठग म्हणतात. म्हणोत.
वाट्या मी दुमक्याच्या बाजारात मोडीत घालतो, हे खरं.
ठिपका टेकवताना माझा श्वास अडकतो,
हेही खरं.

माघात मयूराक्षी ओलांडून गेलो
पानमुनी टुडूच्या दारी.
भिंत नुकतीच सारवलेली, हात लावू नये अशी.
तिचा रूपाई लडाखला गेला होता,
ढगांच्या वर रस्ता बांधायला.
दरडीखाली गेला म्हणतात. देह आला नाही.
एक बुटांचा जोड आला
आणि अंगठा लावायचा कागद.

ती सालाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती.
बोट न थांबवता म्हणाली, दाखव.

दाखवला.

"हा काठी टेकणारा म्हातारा. माझा तेवीसचा होता."
मी नखानं काठी खरवडली.
"उजवा खांदा खाली होता त्याचा. खडीच्या पाट्यांनी."
खांदा उतरवला.
तेवढ्या वेळात तिच्या बारा पत्रावळी झाल्या,
माझा घसा कोरडा पडला.

"आणि डोळा एकच?"

आता इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"आमची माणसं कडेनं चालतात, आयो.
दुसरा असतो पलीकडच्या अंगाला."

"असतो?"
तिनं हात पुसले, कागद घेतला, उलटला.

मागं माझ्या बोटांचे तेलकट डाग
आणि गेरू झिरपून उमटलेलं
एक फिकट, फार फिकट तोंड.
पुढून ते हानापुरीकडं निघालेलं.
इथून बघावं तर
चुलीकडं वळलेलं.

"इथं काढ," तिनं बोट टेकवलं.
"तिकडची वाट तिकडच्या डोळ्यानं बघू दे.
हा इकडं राहू दे माझ्यापाशी."

बाप सांगायचा, मागं बघणारा मेलेला
ना इकडचा होतो, ना तिकडचा.
शेळीच्या केसांचा कुंचला माझ्या हातात थरथरला.
एक कोंबडी येऊन काजळीची करवंटी टोचून गेली,
काळी चोच घेऊन अंगणभर फिरली.
पानमुनी काही बोलली नाही.
तिला घाई नव्हती.

आधी कुठला डोळा काढला
ते मला विचारू नका.

ओला कागद तिनं दाराच्या उजेडाला धरला.
दोन्ही बुबुळं एकावर एक आली,
एकच काळा ठिपका.
ती बराच वेळ तशीच उभी, हात वर करून.
मग म्हणाली, वाटी नाही घरात. हे ने.

झोळीत आता अकरा.
नदीत उतरताना बूट हातात घेतले, भिजू नयेत म्हणून.
माझ्या मापाचे नाहीत.
अजून विकले नाहीत.